आकाशातला सामना आणि घरातली पावती

घराला रंग द्यायचा म्हणून मध्यंतरी माळा रिकामा केला. माळ्यावर वडिलांची पत्र्याची पेटी होती. जुनी शिधापत्रिका, विजेची बिले, विम्याच्या पावत्या या सगळ्यांच्या तळाशी एक लहानसे पुस्तक निघाले. ते होते रेडिओच्या परवान्याचे पुस्तक. आत दरवर्षीची तिकिटे चिकटवलेली आणि त्यांवर पोस्टाचा गोल शिक्का. माझ्या मुलीला ते काय आहे हे समजावून सांगता सांगता माझी पुरेवाट झाली. रेडिओ ऐकायला सरकारचा परवाना लागत असे, ही गोष्ट तिला खरीच वाटेना.

त्याच पेटीत रबर लावलेली केबलवाल्याची पिवळी कार्डे होती. बारा महिन्यांचे बारा चौकोन आणि प्रत्येक चौकोनात त्याची घाईतली सही. एका पाकिटात घरच्या छत्रीच्या रिचार्जची कूपने होती, नाण्याने खरवडलेली. वडील काहीच टाकून देत नसत. त्यामुळे एका मराठी घराने बातम्या, गाणी आणि मुख्यतः क्रिकेट यांसाठी कोणाला, कसे आणि किती पैसे मोजले, याचा जवळजवळ सगळा इतिहास माझ्यापुढे जमिनीवर पसरला होता. आज त्याच इतिहासाबद्दल बोलायचे आहे. विषय तसा घरगुती, पण त्याचे धागे थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातात.

साठी ओलांडलेल्यांना रेडिओचा परवाना आठवत असेल. त्याचे मूळ होते १८८५ च्या भारतीय तार कायद्यात. हा कायदा झाला तेव्हा मार्कोनीचा बिनतारी संदेश जगात यायचा होता. तरीही तारायंत्रावरची सरकारची मक्तेदारी पुढे रेडिओला लागू झाली आणि रेडिओची दूरचित्रवाणीला. संच घेतला की पोस्टात जाऊन परवाना काढायचा आणि दरवर्षी त्याचे नूतनीकरण करायचे. १९८० च्या दशकाच्या मध्यात ही पद्धत बंद झाली. यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एकच. आपण पैसे भरत होतो ते यंत्रासाठी, कार्यक्रमासाठी नव्हे. बाळ ज. पंडित यांचे मराठी धावते वर्णन ऐकायला वेगळा पैसा पडत नसे आणि शेजारच्याने येऊन ऐकले तरी कोणाचे काही जात नसे.

एक योगायोग सांगतो. १ ऑगस्ट १९७५ रोजी भारतात उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचा एक मोठा प्रयोग सुरू झाला. अमेरिकेने दिलेल्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य, शिक्षण यांचे कार्यक्रम वर्षभर दाखवले गेले. शाळेत किंवा पंचायतीत एक संच असे आणि सगळे गाव त्याच्यापुढे बसे. पैसे अर्थातच नाहीत. त्याच वर्षी दोनच महिन्यांनी फिलिपाइन्समध्ये मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांची ती प्रसिद्ध मुष्टियुद्धाची लढत झाली. एचबीओ या कंपनीने ती उपग्रहामार्फत अमेरिकेतल्या आपल्या वर्गणीदारांना घरबसल्या दाखवली. एकाच वर्षी आकाशाचे दोन उपयोग जगापुढे आले. एकात आकाश गावाच्या पारासारखे होते, दुसऱ्यात तिकीट लावलेल्या मैदानासारखे. पुढच्या पन्नास वर्षांत आपला प्रवास या पारावरून त्या मैदानाकडे झाला, आणि तो बहुतांशी क्रिकेटच्या पाठीवर बसून झाला.

मुंबईत दूरदर्शन आले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. रंग आले १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या निमित्ताने. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर कपिल देवने विश्वचषक उचलला, तो दूरदर्शनने थेट दाखवला. ज्या घरात संच असे त्या घरात चाळीतली, वाड्यातली, गल्लीतली माणसे मावत नसत. त्या काळात सामना दाखवणारे दूरदर्शन एकटेच होते. त्यामुळे व्यवहार उलटा होता. सामन्याचे प्रक्षेपण ही विकायची वस्तू आहे, हे मंडळाच्याही फारसे लक्षात आले नव्हते. उलट सामना दाखवला जावा म्हणून क्रिकेट संघटनाच दूरदर्शनच्या पायऱ्या चढत असत.

हे चित्र बदलले ते १९९१ नंतर. त्या वर्षाच्या सुरुवातीला आखाती युद्ध झाले आणि सीएनएनवरची दृश्ये मोठ्या हॉटेलांतून लोकांनी पाहिली. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाले. एशियासॅट-१ या उपग्रहाच्या पायाखाली आपला देश येत होता, मग परवानगी कोणाला विचारायची? मुंबईच्या इमारतींमध्ये १९८० च्या दशकातच एका व्हीसीआरवरून सगळ्या घरांत सिनेमा दाखवणारी तरुण मंडळी होती. त्यांनी गच्चीवर मोठी छत्री बसवली आणि तीच तार पुढच्या इमारतीवर टाकली. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही आले, पुढे १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ईटीव्ही मराठी. झाडांवरून, विजेच्या खांबांवरून, धुण्याच्या दोऱ्यांशेजारून काळी तार घराघरांत शिरली. तिच्या पाठोपाठ दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दारात येऊ लागला केबलवाला.

या माणसाची टिंगल करणे सोपे आहे, पण त्याच्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. ना बँकेचे कर्ज, ना सरकारची मदत. वस्तीतल्याच बेकार मुलांनी उभा केलेला हा धंदा होता. वीज गेली की त्याला शिव्या, पाऊस आला की त्याला शिव्या. सामन्याच्या ऐन वेळी तार तुटली तर रात्री अकरा वाजता गच्चीवर चढणारा तोच. संसदेने त्याच्यासाठी कायदा केला १९९५ मध्ये. त्यानुसार त्याने मुख्य टपाल कार्यालयात नोंदणी करायची होती. ज्या पोस्टात माझे वडील रेडिओचा परवाना काढत, त्याच पोस्टात आता केबलवाला नोंदवला जाऊ लागला.

मात्र खरी लढाई चालली होती ती वरच्या मजल्यावर. १९९३ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला तेव्हा मंडळाने प्रक्षेपणाचे हक्क ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल या परदेशी कंपनीला विकले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंगालच्या क्रिकेट संघटनेने आपल्या हीरकमहोत्सवानिमित्त हीरो चषक स्पर्धा भरवली आणि तिचे हक्कही त्याच कंपनीला दिले. आता सरकार जागे झाले. भारताच्या भूमीवरून आकाशात चित्र पाठवण्याचा अधिकार १८८५ च्या तार कायद्याने फक्त आम्हाला आहे, असे सरकारचे म्हणणे. सामना आमचा, तो कोणाला विकायचा हे आम्ही ठरवणार, असे संघटनेचे म्हणणे. कंपनीची यंत्रसामग्री मुंबईत सीमाशुल्क खात्याने अडवली. एकीकडे मैदानावर सामने आणि दुसरीकडे न्यायालयात तारखा, असा प्रकार सुरू झाला.

या भांडणातूनच २४ नोव्हेंबर १९९३ ची ती रात्र आपल्याला दिसली. ईडन गार्डन्सवर उपांत्य सामना, दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सहा धावा हव्या होत्या आणि चेंडू घेतला सचिन तेंडुलकरने. त्याने तीनच धावा दिल्या. भारत दोन धावांनी जिंकला. ज्यांनी तो सामना पाहिला त्यांना सचिनचे ते षटक आठवते. पण त्या सामन्याचे चित्र आपल्यापर्यंत पोचावे की नाही, यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयात वाद चालू होता, हे फार थोड्यांना आठवते.

त्या वादाचा निकाल ९ फेब्रुवारी १९९५ रोजी लागला. निकाल लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, हे आपल्या महाराष्ट्राला सांगताना अभिमान वाटतो. सोबत न्यायमूर्ती एस. मोहन आणि न्यायमूर्ती बी. पी. जीवन रेड्डी. निकालाचे सार असे की, ध्वनिलहरी व प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती सरकारची नाही आणि पैसेवाल्या कंपनीचीही नाही. तिचे नियमन लोकांच्या हितासाठी एका स्वायत्त सार्वजनिक संस्थेने केले पाहिजे. माहिती देण्याचा आणि मिळवण्याचा हक्क हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचाच भाग आहे, असेही न्यायालयाने सांगितले.

या निकालाचे दोन परिणाम झाले. सरकारची मक्तेदारी तुटली, हे सर्वांना दिसले. पण निकालाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे लहरी लोकांच्या आहेत आणि त्यांचा कारभार लोकहितासाठी व्हावा, हा मात्र मागे पडला. प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, तो अमलात यायला १९९७ उजाडले. खासगी वाहिन्यांच्या दरांकडे पाहणारे तर कोणी नव्हतेच. ते काम दूरसंचार नियामकाकडे, म्हणजे ‘ट्राय’कडे आले जानेवारी २००४ मध्ये. मधली नऊ वर्षे बाजार मोकळा होता आणि त्या नऊ वर्षांतच आपल्या घराघरांत केबलची सवय मुरली.

आता थोडे तंत्र सांगायला हवे, कारण आपल्या खिशाचा सगळा घोळ त्या तंत्रातच आहे. जुन्या केबलमध्ये एकाच तारेतून सगळी चॅनेल एकाच वेळी वाहत असत. तुमच्या घरी जे येई तेच शेजारी येई. सुरुवातीला वाहिन्या फुकट होत्या. पुढे खेळाच्या आणि सिनेमाच्या वाहिन्यांनी आपले चित्र कुलूपबंद केले. त्याची किल्ली, म्हणजे विशिष्ट यंत्र आणि कार्ड, केबलवाल्याच्या खोलीत. त्याने तिथे कुलूप उघडले की चित्र वस्तीतल्या सगळ्या घरांत जाई. एका घराला क्रिकेट द्यायचे आणि दुसऱ्याला नाही, हे त्या तारेत शक्यच नव्हते. म्हणून ज्या आजींना फक्त हरिपाठ आणि बातम्या हव्यात त्याही क्रिकेटचे पैसे भरत आणि ज्या मुलाला फक्त क्रिकेट हवे तो सासू-सुनांच्या मालिकांचे.

वाहिनी केबलवाल्याकडून घरामागे पैसे मागे. घरे किती, हे सांगणार केबलवालाच. समजा शंभर जोडण्या असल्या तर कागदावर वीस. वाहिनीलाही हे ठाऊक असे, म्हणून ती दर चढवून ठेवी. मग दोघांत जुंपे. आणि हे भांडण नेमके मोठ्या मालिकेच्या तोंडावर पेटे. आमच्याकडे एकदा सामन्याच्या आदल्या रात्री खेळाचे चॅनेल काळे झाले. केबलवाल्याला विचारले तर तो म्हणाला, ‘‘काका, वरून बंद केलंय.’’ वाहिनीच्या निवेदनात केबलवाल्याने पैसे थकवल्याचे लिहिलेले. मी महिन्याचे पैसे वेळेवर भरले होते. कार्डावर सही होती. पण त्या कार्डावर मला काय मिळणार हे कुठेच लिहिलेले नव्हते, ही गोष्ट त्या दिवशी माझ्या ध्यानात आली.

यावर सरकारने काढलेला उपाय म्हणजे ‘कॅस’. डिसेंबर २००२ मध्ये कायदा दुरुस्त झाला. प्रत्येक घरात टीव्हीवर एक पेटी बसवायची, फुकटची चॅनेल सर्वांना आणि पैशांची चॅनेल ज्याने निवडली त्यालाच. कल्पना चांगली होती. २००३ मध्ये ती चार महानगरांत लागू व्हायची होती. पण पेटीचा खर्च कोणी सोसायचा यावर गदारोळ झाला, दिल्लीत निवडणुका तोंडावर आल्या आणि तारखा पुढे ढकलल्या गेल्या. टिकली ती फक्त चेन्नईत. अखेर दिल्ली उच्च न्यायालयाने कान पिळल्यावर ३१ डिसेंबर २००६ पासून मुंबई, दिल्ली आणि कोलकात्याच्या काही भागांत ती सुरू झाली. मुंबईत मान मिळाला तो दक्षिणेकडच्या भागाला. ‘ट्राय’ने दर ठरवून दिले होते. फुकटच्या किमान तीस चॅनेलना महिना ७७ रुपये आणि पैशांच्या कुठल्याही एका चॅनेलला जास्तीत जास्त पाच रुपये. पाच रुपयांत महिनाभर खेळ! बाकीच्या महाराष्ट्रात मात्र जुनी काळी तार आणि जुना एकगठ्ठा दर तसाच राहिला.

तोवर दुसरी वाट उघडली होती. घरच्या छोट्या छत्रीवर थेट उपग्रहाचे चित्र घेण्याला १९९७ मध्ये सरकारने बंदी घातली होती. नोव्हेंबर २००० मध्ये ती उठली. २००३ मध्ये डिश टीव्ही आले, २००६ मध्ये टाटा स्काय, आणि मग त्यांच्या मागोमाग आणखी चार-पाच कंपन्या. या पेटीत प्रत्येक घराचे स्वतंत्र कार्ड असते आणि कार्डाला क्रमांक असतो. आपण फोन किंवा एसएमएस करून खेळांचे पॅक मागितले, की कंपनी उपग्रहावरून निरोप धाडते, अमुक क्रमांकाच्या कार्डाचे अमुक कुलूप उघडा. तो निरोप ऐकायला पेटी चालू असावी लागते. म्हणून तर ‘बॉक्स चालू ठेवा’ असे फोनवरची मुलगी पुन्हा पुन्हा सांगे. याच रीतीने एखादा नवा सिनेमा एकदाच पैसे भरून पाहायची सोयही आली. सिनेमा तिकीट काढून पाहायची आपल्याला सवय होती, घरात तिकीट काढायची नव्हती. अली-फ्रेझरच्या लढतीनंतर तीस वर्षांनी ते तिकीट आपल्या दिवाणखान्यात आले.

या छत्रीने केबलवाल्याची मक्तेदारी मोडली आणि जिथे तार पोचत नव्हती अशा वाड्या-वस्त्यांवर चित्र नेले. मात्र कोकणातल्या मंडळींना तिची खोडही माहीत आहे. तिच्या लहरी पावसाच्या दाट सरीत विरतात. बाहेर धो धो पाऊस आणि आत पडद्यावर ‘सिग्नल नाही’, हे जुलै महिन्यातले नेहमीचे दृश्य.

परदेशातल्या मराठी माणसाने पैसे भरून सामना पाहण्याची रीत आपल्या आधीच अंगवळणी पाडून घेतली होती. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींना तिथल्या उपग्रह कंपनीकडून क्रिकेटचे पॅक घ्यावे लागे. चार-सहा कुटुंबांनी वर्गणी काढायची, एकाच्या घरी रात्रभर जमायचे, पोहे आणि चहा करायचा. पैसे भरूनही त्यांनी गल्लीतला तो जुना घोळका पुन्हा उभा केला, याचे मला कौतुक वाटते.

पण ज्याला पैसे भरणे शक्यच नाही त्याचे काय? हा प्रश्न २००४ मध्ये ऐरणीवर आला. भारताचा संघ मार्चमध्ये पाकिस्तानला गेला. हक्क होते टेन स्पोर्ट्सकडे. पण देशातल्या लाखो घरांत केबल नव्हती. प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि दूरदर्शनने टेन स्पोर्ट्सचेच चित्र, त्यांच्या जाहिराती आणि बोधचिन्हासकट दाखवावे, असा आदेश झाला. सेहवागचे मुलतानचे त्रिशतक साध्या अँटेनावरही दिसले ते त्यामुळे.

तीन वर्षांनी घाव आपल्या घरातच बसला. २१ जानेवारी २००७ रोजी नागपूरला भारत आणि वेस्ट इंडिज यांचा एकदिवसीय सामना होता. चार वर्षांचे हक्क निंबस कंपनीने ६१ कोटी २० लाख डॉलरना घेतले होते. दूरदर्शनला चित्र देण्यावरून वाद झाला आणि सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर चाललेला तो सामना दूरदर्शनवर थेट दिसला नाही. नागपूरपासून पन्नास किलोमीटरवरच्या खेड्यात, ज्याच्याकडे फक्त अँटेना होता, त्याला आपल्याच जिल्ह्यातला सामना पाहता आला नाही. उच्च न्यायालयाने मग सात मिनिटे उशिराने चित्र दाखवण्याचा तोडगा काढला. क्रिकेटमध्ये सात मिनिटे म्हणजे जवळजवळ दोन षटके. शेजारच्या केबलवाल्या घरात फटाके वाजल्यावर आपल्या घरी चेंडू पडायचा!

सरकारने फेब्रुवारीत अध्यादेश काढला आणि त्याचाच पुढे २००७ चा कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडाप्रसंगांचे चित्र हक्कदाराने प्रसार भारतीला दिलेच पाहिजे. जाहिरातींच्या उत्पन्नाचे पंचाहत्तर टक्के हक्कदाराला, पंचवीस टक्के प्रसार भारतीला. आणि आकाशवाणीसाठी हे प्रमाण निम्मे-निम्मे. या कायद्यामागे १९९५ च्या निकालाचाच विचार आहे. लहरी लोकांच्या असतील तर देशाचा सामना पाहण्याचा किमान मार्ग पैशाविना खुला राहिला पाहिजे.

हक्क विकत घेणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. कोट्यवधी रुपये मोजून हक्क घ्यायचे, तीस-तीस कॅमेरे लावायचे आणि मग चित्र फुकट वाटायचे, तर धंदा करायचा कसा? शिवाय दूरदर्शनचे ते चित्र केबलवाले सर्रास आपल्या तारेत सोडत आणि मग खेळाचे चॅनेल कोण विकत घेणार? ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तक्रार मान्य केली. असे चित्र दूरदर्शनने स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि स्वतःच्या छत्रीसेवेवरूनच दाखवावे, खासगी केबलवर नव्हे, असे ठरले. दूरदर्शनचे जुन्या पद्धतीचे मनोरेही २०२२ पर्यंत जवळजवळ सगळे बंद झाले. आता फुकटचा मार्ग उरला तो एकच, ‘डीडी फ्री डिश’. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली ही सेवा चार कोटींहून अधिक घरांत आहे. छत्री आणि पेटी एकदा घ्यायची, महिन्याचे काही नाही. पण आयपीएल राष्ट्रीय महत्त्वाच्या यादीत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे.

२०१२ पासून टप्प्याटप्प्याने देशातली सगळी केबल पेटीवर आली. जुनी काळी तार २०१७ पर्यंत इतिहासजमा झाली. आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून ‘ट्राय’ने निवडीचा हक्क खरोखर ग्राहकाच्या हाती दिला. शंभर चॅनेलसाठी १३० रुपये आणि कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. त्यावर हव्या त्या चॅनेलची छापील किंमत. एकोणीस रुपयांपेक्षा महाग चॅनेल कोणत्याही गठ्ठ्यात घालायचे नाही, असा नियम. झाले काय, तर बहुतेक लोकप्रिय चॅनेलची किंमत एकोणीस रुपयांवर जाऊन बसली. मला तो रविवार आठवतो. शेजारच्या मावशी छापील यादी घेऊन आमच्याकडे आल्या. आम्ही चष्मे लावून खुणा करत बसलो. बेरीज केली तेव्हा त्यांचे बिल आधीपेक्षा वाढले होते. त्या म्हणाल्या, ‘‘निवडायला मिळालं खरं, पण निवडणं महागच पडलं की!’’ शेवटी त्यांनी केबलवाल्याने सुचवलेला गठ्ठाच घेतला. देशभर बहुतेक घरांत असेच झाले असावे. कायद्याने हक्क मिळतो, पण तो वापरायला लागणारा हिशेब आणि सवड प्रत्येकापाशी असतेच असे नाही.

पुढचा अध्याय मोबाइलचा. २०२२ च्या जूनमध्ये आयपीएलच्या पाच वर्षांच्या हक्कांचा लिलाव झाला. भारतापुरते टीव्हीचे हक्क २३,५७५ कोटींना गेले आणि डिजिटल हक्क २३,७५८ कोटींना. मोबाइलचा पडदा किमतीत टीव्हीच्या पुढे गेला तो तेव्हा. २०२३ मध्ये डिजिटल हक्क असलेल्या कंपनीने सामने सगळ्यांना फुकट दाखवले. आम्ही खूश झालो. पण बाजारात फुकट हा शब्द बहुधा दाराशी लावलेल्या तोरणासारखा असतो. तो आत बोलावण्यासाठी असतो, कायम राहण्यासाठी नव्हे. नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन मोठ्या कंपन्या एकत्र आल्या, फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांची सेवाही एक झाली आणि वर्गणी पुन्हा आली.

या नव्या वर्गणीला पावती नाही, सही नाही, दारात येणारा माणूस नाही. एकदा होकार दिला की ठरलेल्या तारखेला खात्यातून पैसे आपोआप जातात. मालिका संपते, स्पर्धा संपते, वर्गणी चालूच राहते. केबलवाल्याला ‘या महिन्यात गावाला होतो’ असे सांगून वीस रुपये कमी करून घेता येत. यंत्राशी घासाघीस करता येत नाही. म्हणून माझी एक साधी विनंती आहे. आपल्या घरात किती वर्गण्या चालू आहेत, त्या एका कागदावर लिहून काढा. कशाची मुदत कधी संपते तेही लिहा. जे तीन महिने पाहिले नाही ते बंद करा, स्पर्धेपुरते घेतलेले पॅक स्पर्धेनंतर काढून टाका. वडीलधाऱ्यांच्या पेटीवर त्यांनी न मागितलेले काही चालू नाही ना, हे एकदा बसून पाहा. खेड्यात कोणी नातेवाईक असतील तर फ्री डिशबद्दल त्यांना सांगा. अनेकांना ती ठाऊकच नसते.

१८८५ च्या तार कायद्याची जागा घेणारा नवा दूरसंचार कायदा संसदेने डिसेंबर २०२३ मध्ये संमत केला. जुना कायदा तसा निवृत्त झाला. पण १९९५ मध्ये न्यायालयाने जे सांगितले ते जुने झालेले नाही. लहरी आपल्या आहेत, हे ज्याच्या हाती रिमोट आहे त्यालाच आठवत नसेल तर दुसरे कोण आठवण ठेवणार?

वडिलांची पेटी मी पुन्हा माळ्यावर ठेवली आहे. रेडिओचे पुस्तक मात्र मुलीने मागून घेतले. परवाना रद्द होऊन चाळीस वर्षे झाली. रेडिओ अजून चालू आहे. आणि त्यावर सामना लागला की खिडकी उघडी ठेवली तरी चालते.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)